कांद्याचा भाव कोण सांगतं?

शनिवार, रात्री

ठाण्याहून संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली की रात्री लासलगावला उतरता येतं. थोरली भाची आता सातवीत जाणार, धाकटा भाचा चौथीत. मामाचं गाव दोघांना पाठ आहे. विहीर, गोठा, शेजारच्या वावरातला आंबा, सगळं. पण मामा जे पिकवतो ते विकतो कुठे आणि कसं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून यंदा मी अट घातली होती. मामा ट्रॉली घेऊन निघेल तेव्हा आपणही निघायचं. थोरलीने वहीत आकडे लिहायचे. धाकट्याने प्रश्न विचारायचे. ते तो न सांगताही करतोच.

कसारा घाट अंधारात गेला. बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. मे महिन्यात लासलगाव आलं हे पाटी वाचायच्या आधी नाकाला कळतं, एवढं मात्र खरं.

रविवार, चाळीपुढे

रविवारी मार्केट बंद. त्यामुळे आजचा दिवस घरचा.

निफाड तालुक्यात मे महिन्यात गेलात तर द्राक्षबागा छाटून नव्याने फुटलेल्या दिसतील आणि कांद्याची वावरं रिकामी. कांदा काढून झालेला असतो. दिवाळीच्या सुमाराला बी टाकून रोप तयार करायचं, डिसेंबर-जानेवारीत एकेक रोप हाताने लावायचं, मार्च-एप्रिलमध्ये उपटायचं, पात कापायची, सावलीत सुकवायचं. याला इथे उन्हाळ कांदा म्हणतात. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा वेगळा. तो दिवाळीच्या आगेमागे येतो आणि टिकत नाही, आला की विकावाच लागतो. मधल्या हंगामातला तो रांगडा. उन्हाळ कांद्याचा गुण असा की तो नीट ठेवला तर चार-पाच महिने राहतो. देशभर पावसाळ्यात जो कांदा खाल्ला जातो तो बहुतेक असा साठवलेलाच असतो.

साठवायचा कुठे? चाळीत. जमिनीपासून थोडी उंच, लांबलचक, वर उतरतं छप्पर, आणि बाजूच्या भिंतींना पट्ट्या-पट्ट्या, मध्ये फटी. कांद्याला वारा लागला पाहिजे. वारा नाही मिळाला तर तो घामेजतो, सडतो, आणि एक सडला की शेजारचा धरतो. एवढी काळजी घेऊनही पावसाळा संपेपर्यंत चाळीतला चौथा, वाईट वर्षी तिसरा हिस्सा वजनाने घटतो किंवा सडून जातो. म्हणजे आज शंभर किलो ठेवले तर पोळ्यानंतर शंभर विकायला मिळत नाहीत. धाकट्याला हे फार लागलं. "मग आजच सगळे विका ना!" असं तो म्हणाला.

दादा, म्हणजे मुलांचा मामा, हसला. "आज सगळ्यांनीच विकायचं ठरवलं तर?"

दादाचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. मेमध्ये सगळ्यांच्या वावरातून कांदा एकदम निघतो. मार्केटमध्ये आवक वाढते आणि भाव खाली येतो. थांबलं तर भाव वर जाण्याची आशा, पण कांदा घटण्याची खात्री. शिवाय खताची उधारी, मजुरी, शाळेची फी या गोष्टी पोळ्यापर्यंत थांबत नाहीत. म्हणून बहुतेक शेतकरी थोडा आत्ता विकतात, थोडा ठेवतात.

दुपारभर मामी आणि दोन बाया कांदा निवडत बसल्या. मोठा, गोल, पत्तीदार, चकाकणारा एकीकडे. लहान तो गोल्टी. फुटलेला, जोडकांदा, डाग पडलेला तो खाद, त्याला भाव अगदीच कमी. मुलांनीही हात लावला. धाकट्याने खादीतला कांदा चांगल्यात टाकला तेव्हा मामीने तो शांतपणे उचलून परत ठेवला. "व्यापारी ट्रॉलीवर चढतो आणि नेमका तेवढाच कांदा उचलतो," ती म्हणाली.

संध्याकाळी दादा फोनवर शनिवारचे भाव बघत होता. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव, येवला, प्रत्येक ठिकाणचे तीन आकडे: कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. सगळे क्विंटलचे, म्हणजे शंभर किलोचे. थोरलीने वहीत दोन शून्यं खोडून किलोचा भाव काढला आणि गप्प झाली. ठाण्यात आई कितीला आणते ते तिला ठाऊक होतं.

रात्री आजोबांनी मुलांना हत्ता शिकवला. हा जुन्या बाजारातला प्रकार. खरेदी करणारा आणि विकून देणारा दलाल एकमेकांचे हात धरायचे, वर उपरणं किंवा रुमाल टाकायचे, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. इतकी बोटं धरली म्हणजे इतके रुपये. तोंडाने एक शब्द नाही. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा असायचा, पण आतमध्ये काय ठरलं हे त्याला दिसायचं नाही. मुलं तासभर टॉवेलाखाली बोटं दाबून एकमेकांना फसवत बसली.

हे बंद व्हावं म्हणून कायदे आले. विदर्भातल्या कारंज्यात 1886 मध्ये नियमांखाली चालणारा कापसाचा बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणून तो सांगितला जातो. तेव्हा इंग्रजांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी चांगला कापूस रास्त भावात हवा होता, शेतकऱ्याचा कळवळा हे काही मुख्य कारण नव्हतं. लासलगावची बाजार समिती 1947 ची. आणि आज महाराष्ट्रात बाजार समित्या ज्या कायद्याने चालतात तो 1963 चा. त्यातली मुख्य गोष्ट अशी की भाव उघड्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा.

सोमवार, लासलगाव

पहाटे निघालो तरी आमच्यापुढे रांग होतीच. ट्रॅक्टर, पिकअप, पुन्हा ट्रॅक्टर. फाटकावर नोंद झाली, एक चिठ्ठी मिळाली आणि आत गेलो. आवारात वाहनांच्या लांबच लांब ओळी. कांदा गोणीत नाही, मोकळाच ट्रॉलीत, त्यामुळे कुणाचा माल कसा आहे ते सगळ्यांना दिसतं. आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ असं लासलगावचं नाव आहे. धाकट्याने ट्रॅक्टर मोजायला घेतले आणि अर्ध्यात सोडून दिले.

लिलाव कसा होतो ते नीट सांगते, कारण मला वाटलं होतं त्यापेक्षा तो फारच वेगळा निघाला. मोठा हॉल, खुर्च्या, हातोडी असलं काही नाही. लिलाव चालत येतो. बाजार समितीचा माणूस पुढे, हातात पावत्यांचं बुक, त्याच्याभोवती व्यापाऱ्यांचा घोळका. घोळका एका ट्रॉलीपाशी थांबतो. दोघेतिघे चाकावर पाय देऊन वर चढतात, हात खोल घालून तळातला कांदा वर काढतात, दाबून बघतात, साल चोळून बघतात. कुणीतरी पहिला आकडा टाकतो. पुकारणारा तो उचलतो आणि एका दमात वर नेतो. "हजार, हजार, साडेदहा, अकराशे, अकराशे दहा, वीस, वीस..." मध्येच कुणी मान हलवतो, कुणी बोट वर करतो. अचानक आवाज थांबतो. चिठ्ठीवर भाव आणि व्यापाऱ्याचं नाव लिहून ती शेतकऱ्याच्या हातात देतात आणि घोळका पुढच्या ट्रॉलीपाशी पोचलेलाही असतो. मिनिटभराचं काम, फार तर दोन.

दादाच्या ट्रॉलीला क्विंटलमागे अकराशे ऐंशी पडले.

रोप टाकल्यापासून सहा-सात महिने, आणि भाव ठरला तो धाकट्याला चाकावर चढून बघायलाही वेळ मिळायच्या आत. "मामा, तू काहीच का नाही बोललास?" त्याने विचारलं. मला वाटतं या सगळ्या प्रवासात विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. दुकानात वहीची किंमत दुकानदार सांगतो, रिक्षाचं भाडं मीटर सांगतो. इथे माल ज्याचा, तोच ऐकणारा.

अगदीच हात बांधलेले नसतात. भाव पसंत नसेल तर शेतकरी नाही म्हणू शकतो आणि नंतरच्या लिलावात पुन्हा उभा राहू शकतो. आमच्या शेजारच्या ओळीतल्या एका आजोबांनी तसं केलं. चिठ्ठी परत दिली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि ट्रॉलीच्या सावलीत जाऊन बसले. पण नाही म्हणायलाही खर्च येतो. दिवस जातो, डिझेल जातं, आणि दुपारी भाव वरच जाईल असं कुणी लिहून देत नाही.

चिठ्ठी घेऊन आम्ही भुईकाट्यावर गेलो. मुलांचा सगळ्यात आवडता भाग हा. जमिनीत बसवलेला भलामोठा काटा, त्याच्यावर अख्खा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट चढतो. धाकट्याला खाली उतरवलं, नाहीतर त्याचं वजनही कांद्यात गेलं असतं. भरलेलं वजन 59 क्विंटल 60 किलो. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे त्याच्या साठवणीच्या जागेवर, जाऊन माल ओतायचा, रिकामा ट्रॅक्टर परत काट्यावर आणायचा. रिकामं वजन 36 क्विंटल 20 किलो. वजाबाकी थोरलीने केली: 23 क्विंटल 40 किलो. गुणाकारही तिनेच केला: 27,612 रुपये. त्यातून हमाली-तोलाईची कपात झाली आणि दादाच्या हाती हिशोबाची पट्टी आली. बाजार समितीची फी खरेदीदार भरतो, शंभर रुपयांमागे साधारण रुपयाच्या आत-बाहेर. पैसे चोवीस तासांच्या आत द्यायचे असा नियम आहे. पूर्वी चेक मिळायचे, ते कधी वटायचे, कधी नाही. आता बरेचदा पैसे खात्यावर येतात.

खळ्यावरच आणखी एक शब्द कळला, वांधा. आमच्या पुढच्या ट्रॉलीचा माल ओतला गेला आणि व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, वर सुपर होता, खाली गोल्टी निघाली, या भावात जमणार नाही. शेतकरी म्हणाला, चढून तळातला बघितला होता की. माल तर ओतून झालेला, परत भरायचा कुणी? अशा वेळी बाजार समितीकडे तक्रार करता येते, त्यांचा माणूस येऊन माल बघतो आणि तोड काढतो. तो आला, बघितलं, क्विंटलमागे थोडे कमी करून मिटलं. कधी शेतकरी खरंच खाली बारीक माल दडवतो, कधी व्यापारी उगाच खोड काढतो. त्या दिवशी कोण खरं होतं ते मला कळलं नाही, आणि त्या दोघांत मिटवायची घाई शेतकऱ्यालाच जास्त होती एवढं दिसलं.

खळ्यात बायका कांदा पुन्हा निवडत होत्या. लाल जाळीच्या गोण्या भरल्या जात होत्या. एक ट्रक दिल्लीचा, एक कोलकात्याचा. काही माल न्हावा-शेव्याच्या बंदरातून दुबई, मलेशिया, श्रीलंकेला जातो. बांगलादेश हे बरीच वर्षं मोठं गिऱ्हाईक राहिलंय.

आता धाकट्याच्या प्रश्नाकडे. भाव कोण सांगतं? ओरडणारा सांगतो, पण तो फक्त तोंड. व्यापारी ठरवतो, पण त्यालाही पुढे दिल्लीत कितीला जाईल याचा अंदाज बांधावा लागतो. आणि कधी भाव लासलगावपासून फार लांब ठरतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांदा परदेशी पाठवण्यावर 40 टक्के शुल्क लावलं, आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. शहरात कांदा महाग होऊ नये हा हेतू. बाहेर जाणारा कांदा इथेच राहिला आणि इथले भाव कोसळले. बंदी मे 2024 मध्ये उठली, शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडलं. "त्या वर्षी कांदा तोच, वावर तेच," दादा म्हणाला, "कागद तेवढा दिल्लीत निघाला."

तूर, सोयाबीन, कापूस अशा पिकांना सरकार हमीभाव जाहीर करतं, म्हणजे त्याच्या खाली भाव गेला तर सरकारने त्या भावात घ्यायचं. घेतलं जातं का, किती, हा निराळा वाद. कांद्याला हमीभावच नाही.

मंगळवार, नाशिक

लासलगावचा कांदा निदान थांबू तरी शकतो. कोथिंबीर थांबत नाही. ते बघायला संध्याकाळी नाशिकला पंचवटीत, दिंडोरी रस्त्यावरच्या मार्केट यार्डात गेलो.

इथला बाजार संध्याकाळी तापतो, कारण रात्री गाड्या भरून पहाटे मुंबईत पोचायचं असतं. मेथी, शेपू, कांदापात, कोथिंबीर यांचे हिरवे ढीग, आणि भाव शेकड्याचा, म्हणजे शंभर जुड्यांचा. इतका गोंगाट की आम्ही एकमेकांशी खुणांनीच बोललो. एका तरुण शेतकऱ्याने दुपारी उपटलेली कोथिंबीर आणली होती, पानांवर अजून पाणी. त्याच्या आदल्या आठवड्यात शेकडा दुप्पट भाव होता म्हणे. तो नाही म्हणू शकत होता का? कायद्याने, हो. पण उद्या सकाळी ही जुडी पिवळी पडली असती. म्हणून तो हो म्हणाला.

तिथेच एका हमालकाकांनी थोरलीला उलटी पट्टी म्हणजे काय ते सांगितलं. शेतकरी आपला माल लांबच्या बाजारात आडत्याकडे, म्हणजे दलालाकडे, पाठवतो. माल विकला जातो, त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा होते आणि उरलेल्या पैशांची पट्टी शेतकऱ्याला येते. एखाद्या दिवशी भाव इतका पडतो की खर्च जास्त आणि विक्री कमी. मग पट्टीवर शेतकऱ्याला मिळायचे पैसे नसतात, त्यानेच द्यायचे असतात. थोरलीने तीनदा विचारून खात्री केली. माल दिला, आणि वर पैसेही द्यायचे? हो. वर्तमानपत्रात रस्त्यावर ओतलेल्या टोमॅटोचे फोटो येतात, तेव्हा बहुतेक हाच हिशोब झालेला असतो: बाजारात नेण्यापेक्षा ओतून देणं स्वस्त.

रात्रीच्या गाडीने ठाण्याला परत.

बुधवार

झोप.

गुरुवार, वाशी

पहिल्या लोकलने तुर्भ्याला. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचं मार्केट नाव वाशीचं सांगतं, पण तुर्भे स्टेशनही तितकंच सोयीचं. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि दाणाबंदर अशी पाच मार्केटं इथे आहेत. हे घाऊक बाजार पूर्वी मुंबईतच मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या भागात होते. गाड्यांनी रस्ते तुंबायला लागले तसे ते टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आणले.

भाजीपाल्याचा मोठा व्यवहार आम्ही पोचेपर्यंत उरकत आला होता. तो रात्रीच सुरू होतो. फळांच्या मार्केटमध्ये मे असल्याने हापूसच हापूस, पेट्यांच्या भिंती. धाकटा तिथून हलेना.

कांदा-बटाट्यात ओळीने गाळे, प्रत्येक गाळ्यावर आडत्या. इथे शेतकरी दिसत नाही. त्याचा माल दिसतो. लाल जाळीच्या गोण्या बघून मुलांनी लगेच ओळखलं, पण कुठली गोणी मामाच्या कांद्याची हे कुणालाच सांगता आलं नसतं. आडत्याचं काम माल विकून देणं आणि त्यावर आडत, म्हणजे कमिशन, घेणं. फळं-भाजीपाल्यावरची ही आडत शेतकऱ्याकडून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम राज्यात 2016 पासून आहे. त्याच वर्षी फळं-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायलाही मोकळीक झाली, आणि शहरांतून शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरू लागले.

माथाडी कामगार गोण्या वाहत होते. पाठीवर पन्नास किलो, आणि पावलं अशी झरझर की वाट आपणच द्यायची. वजन उचलणाऱ्या या लोकांसाठी महाराष्ट्राने 1969 मध्ये स्वतंत्र कायदा केला. नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी हे सगळं त्यातून आलं. त्यासाठी अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना उभी केली होती, आणि तिकडे पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत. मुलांना मी एवढंच सांगितलं की भाजीच्या भावात या पाठींचेही पैसे असतात.

चांगल्या कांद्याचा त्या सकाळचा भाव किलोला सतरा-अठरा.

शुक्रवार, घरी

कोपऱ्यावरच्या हातगाडीवर तीस रुपये किलो.

थोरलीने वही उघडली. मामाला 11 रुपये 80 पैसे, वाशीत सतरा-अठरा, इथे तीस. "मधले अठरा रुपये कुणी घेतले?" हा प्रश्न ती गाडीवाल्या भैयालाच विचारायला गेली, मी मागे मागे. तो रागावला नाही. पन्नास किलोची गोणी, म्हणाला, टेम्पोत दोघातिघांत भाडं वाटून आणतो. उघडली की चार-पाच किलो सडका निघतो. साल झडते, वजन घटतं. दिवसाला एक गोणी खपली तर दिवस चांगला. आम्ही बसून मांडायला घेतलं: खळ्यातली निवड, जाळीची गोणी, भरणी, लासलगाव ते वाशी ट्रक आणि टोल, व्यापाऱ्याचा नफा, आडत, माथाडी, टेम्पो, सड, भैयाचा दिवस. सगळं मांडूनही दोन-तीन रुपयांचा मेळ लागेना. ते कुठे गेले ते थोरलीच्या वहीत अजून प्रश्नचिन्हासह आहेत.

मग पुढच्या वेळी मामानेच टेम्पो भरून ठाण्यात आणावा आणि तीसने विकावा, असं धाकट्याचं म्हणणं. आठवडे बाजारात काही शेतकरी गट हेच करतात, आणि तिथे भाव शेतकरीच सांगतो. पण तेवीस क्विंटल कांदा किलो-दोन किलोने विकायला किती दिवस लागतील, तेवढे दिवस वावरात कोण राबेल, हे त्याने अजून मांडलेलं नाही.

संध्याकाळी मुलांनी मामाला फोन करून तीसचा आकडा सांगितला. तिकडे थोडा वेळ नुसतं हं, हं झालं. मग दादा म्हणाला, लासलगावात आज क्विंटलमागे पन्नास रुपयांनी उतरलाय. उरलेला चाळीत टाकतोय, पोळ्यानंतर बघू. आणि थोरलीला सांग, पावसाळा संपला की मी चाळीतलं वजन कळवतो, किती घटलं ते तिने काढायचं.